आधी दाराला विचारा

रत्नागिरीत खोली भाड्याने घ्यायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आडनाव विचारलं नाही. लग्न का केलं नाही हेही विचारलं नाही, आणि पस्तिशीच्या एकट्या बाईला हा प्रश्न न विचारणारा घरमालक मी तोवर पाहिला नव्हता. त्यांनी विचारलं, "गाडी कुठे लावलीत?"

"खाली. रस्त्याला."

त्यांचं घर पाखाडीवर होतं, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या गल्लीत. तिथे सायकलसुद्धा खांद्यावरूनच चढते. ते चपला सरकवून माझ्यापुढे खाली उतरले. मला वाटलं, बाईची ऐपत गाडीवरून ठरवणार असतील. तर ते थेट पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि खिशातून छोटी बॅटरी काढून चाकावर उजेड पाडला. भर दुपारी.

"हे कोणाचे?"

"काय कोणाचे?"

"टायर."

"माझेच की!"

"गाडी तुमची असेल. टायर ह्या गाडीचे नायत. दरवाजा उघडा."

मी दरवाजा उघडला. ड्रायव्हरच्या दाराआडच्या खांबावर एक पांढरं स्टिकर होतं. दोन वर्षं मी त्या दारातून आत-बाहेर करत होते, पण ते कधी वाचलं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, १६५/८० आर १४. टायरवर लिहिलं होतं, १९५/६५ आर १५. गाडी मी सेकंडहँड घेतली होती आणि आधीच्या मालकाने तिला दिमाखदार रुंद टायर आणि चकचकीत अलॉय घातले होते. खरं सांगायचं तर त्या चाकांवर भाळूनच मी ती घेतली होती. घरमालकांनी मला आत बसवून स्टिअरिंग पूर्ण फिरवायला लावलं. आतून 'घर्र' असा आवाज आला.

"आयकलंत? आत घासतंय. पोराला बापाचे बूट घातलेत आणि वर विचारताय, चालतो कसा. हे टायर बदला, मग खोली बघा."

मी कोल्हापूरची, इथल्या शाळेत नोकरीला आलेली. असलं कुणाचं ऐकून घ्यायची सवय आमच्याकडे नाही. पण तीन दिवसांत मी सात खोल्या पाहिल्या होत्या, आणि सातही ठिकाणी आडनाव, लग्न आणि मासे या तीन विषयांवर माझी तोंडी परीक्षा झाली होती. त्यापेक्षा टायर परवडले. आठवड्याभरात टायर बदलून मी त्यांच्या माडीवर राहायला गेले.

नंतर मला कळलं, की या गावात हा अनुभव आलेली मी एकटीच नाही.

काका (घरमालकांना सगळे काकाच म्हणत) एका ट्रकवाल्या कंपनीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. उभी नोकरी टायर विभागात. माणूस निवृत्त झाला, विभाग झाला नाही. शर्टाच्या खिशात तीन वस्तू कायम असत: टायरच्या खाचांची खोली मोजायची पट्टी, ती छोटी बॅटरी आणि शाळेतला पांढरा खडू. सकाळी फिरायला निघाले की रस्त्यात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपाशी थांबायचे. खाचा झिजलेल्या दिसल्या, की टायरवर खडूने फुली. मालक ओळखीचा असो वा नसो, फुली ठरलेली. पावसाळ्यापूर्वी तर ते दिवसातून दोनदा फिरायला जात. माणसाने छंद म्हणून फुलझाडं लावावीत, पेटी वाजवावी. यांनी गावाला फुल्या मारल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले डॉक्टर आपली गाडी मुद्दाम मागच्या बाजूला, केळीच्या आड लावायचे. काका केळीत शिरून फुली मारून यायचे.

टायरची पत्रिका कशी वाचायची हे त्यांनी मला पहिल्याच रविवारी शिकवलं. मी न विचारता. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा बाजूची उंची. पण तो मिलिमीटर नव्हे, रुंदीच्या शंभरात किती, ते. तिसरा रिमचा व्यास, तो इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! मी म्हटलं, हे ज्याने ठरवलं त्याला माझ्या वर्गात अंगठे धरून उभं केलं असतं. काका हसले नाहीत. टायरवर विनोद केलेला त्यांना खपत नसे. मग कोपऱ्यातले चार आकडे: टायर कुठल्या आठवड्यात जन्मला आणि कुठल्या साली. त्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख काकूंना विचारावी लागायची, पण अख्ख्या गल्लीच्या टायरांचे वाढदिवस पाठ होते.

"गाडी चाकांवर चालत नाय मॅडम," ते म्हणायचे आणि हाताचा पंजा जमिनीवर टेकवून दाखवायचे. "एवढा एवढा रबर टेकतो. चार पंजे. इंजिन कितीही मोठं आणा, जीव त्या चार पंजांवर."

आणि दुसरं वाक्य, ज्याच्यावर हे सगळं प्रकरण उभं आहे: "टायरला विचारू नका. टायर कोणीपण कसलापण घालतो. आधी दाराला विचारा."

हे वाक्य मी तीन वर्षांत किमान हजारदा ऐकलं. रिक्षात बसायच्या आधी ते रिक्षावाल्याला ऐकवत. रिक्षाला दारच नसतं, हे त्यांना कुणी सांगत नसे.

एकदा शेजारच्या घरी लग्न होतं. नवरदेवाची गाडी खाली रस्त्याला झेंडू-शेवंतीने मढवून उभी. वऱ्हाड निघणार, इतक्यात काका वाकले, बॅटरी लावली आणि मागच्या डाव्या टायरवर फुली मारली. नवऱ्याचे मामा भडकले. "अहो, शुभकार्याला काय फुल्या मारताय?"

"फुलं आजची आणलीत," काका शांतपणे म्हणाले, "आणि टायर आठ वर्षांचे. येताना नवरी बसणार कशावर हाय? फुलांवर?"

नवरदेव शेवटी चुलतभावाच्या गाडीतून गेला, जिचे टायर पास झाले होते. मुहूर्त पाऊण तास हुकला. भटजींनी नवा मुहूर्त शोधून दिला, तो त्यांना लगेच सापडला. त्यानंतर त्या घरातून काकांना आमंत्रण येणं बंद झालं. बाकीची घरं हुशार निघाली; ती आमंत्रण देत आणि काकांना मांडवात न बसवता गाड्या लावायच्या जागी खुर्ची टाकून देत. काका खूश, मुहूर्त सुरक्षित.

आता असा माणूस म्हटल्यावर त्याची स्वतःची गाडी कशी असेल, याची मला फार उत्सुकता होती. तर गाडी नव्हतीच. का नव्हती, हे मला एका दुपारी उलगडलं. मी शाळेत होते आणि माझी गाडी टेम्पोच्या वाटेत आली. किल्ली काकूंकडे होती. काकांनी गाडी उघडली, हँडब्रेक सोडला आणि मग गल्लीतून चार माणसं बोलावून ती ढकलत वीस पावलं पुढे नेली. स्वतः बाजूने चालत, खिडकीतून एक हात स्टिअरिंगवर ठेवून.

संध्याकाळी मी काकूंना विचारलं. त्या परसात बांगडे साफ करत होत्या.

"काका चालवत का नाहीत?"

"येते कुठे ह्यांना?" काकू म्हणाल्या. "कधी शिकलेच नायत."

मी हसले. काकू नाही हसल्या. म्हणाल्या, "घाटात कुठे गाडी दरीत गेली, की मागाहून फाटका टायर ह्यांच्या टेबलावर यायचा. का फाटला, बघून सांगा म्हणून. माणसं दवाखान्यात आणि टायर ह्यांच्यापुढे. तीस वर्षं त्येच बघितलं. मग बसतील कशाला स्टिअरिंगवर? आणि पोरीलाही बसू दिलं नाय."

पोर म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. मी राहत होते ती माडी तिची. कपाटाच्या आतल्या बाजूला तिने लहानपणी गाड्यांची चित्रं चिकटवलेली होती. अठराव्या वर्षापासून ती गाडी शिकायचं म्हणत होती आणि काका दर वेळी म्हणत, "तुझ्या हातात गाडी नको." टायरची पत्रिका वाचायला मात्र तिला सातवीतच शिकवलेलं. म्हणजे पोहायची सगळी पुस्तकं वाचायला द्यायची आणि विहिरीला झाकण लावायचं. पोरगी नर्स झाली आणि कॅनडात गेली. तिथे कुणाला विचारायचं नव्हतं. ती गाडी शिकली, परीक्षा पास झाली, सेकंडहँड गाडी घेतली, आणि मार्चमधल्या एका सकाळी सात वाजता तिने घरी फोन केला. फोन काकांनी उचलला.

"बाबा, पास झाले! गाडीपण घेतली!"

काका म्हणाले, "टायर कुठला?"

पलीकडून आलं, "आईला द्या."

तेव्हापासून ती फक्त आईशी बोलायची. रोज सकाळी सातला, म्हणजे तिच्या रात्री. काकू फोन स्पीकरवर ठेवत आणि काका पडवीत पाठमोरे सुपारी कातरत बसत. अडकित्त्याचा आवाज थांबला, की समजायचं, बोलणं गाडीवर आलं. सहा महिने हे असंच चाललं होतं. एक शब्द दोघांपैकी कुणी बोललं असतं तर संपलं असतं, पण तो शब्द त्या घरात कुणाच्या तोंडात बसतच नव्हता.

गणपतीच्या आधी काकांना बर्फ आठवला.

त्यांचा बर्फाशी संबंध मासळीबाजारापुरता. पण हिवाळ्यात तिकडे रस्त्यावर बर्फ असतो, उन्हाळी टायरचा रबर थंडीत कडक होऊन घसरतो आणि गाडीला हिवाळी टायर वेगळे घालावे लागतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रत्नागिरीतला हिवाळा म्हणजे पंखा पाचावरून तीनवर आणणं. त्यात राहून हिवाळी टायरची काळजी करणारा हा एकमेव गृहस्थ असावा. पोरगी पहाटेच्या पाळीला चाळीस किलोमीटर गाडी चालवत जाते, हे त्यांनी अडकित्ता थांबवून ऐकलेलं होतं.

"मॅडम, तुम्ही भूगोल शिकवता," एके दिवशी ते माडीवर येऊन म्हणाले. "बर्फ तुमच्या विषयात येतो."

मी बर्फ धड्याबाहेर पाहिलेला नव्हता, पण तसं कबूल केलं तर आमच्या शाळेत पगार कशाचा देतात असा प्रश्न आला असता. मी मान हलवली. त्यांनी काकूंच्या फोनवरचा एक फोटो मला दाखवला. लाल गाडी, शेजारी हसणारी मुलगी, आणि गाडीला ही भली मोठी चमकणारी चाकं. काकांनी फोटो बोटांनी ताणून ताणून टायरवरचे आकडे वाचले होते: २२५/४० आर १८.

"आधीच्या मालकाने घातलेले. तुमच्यासारखंच प्रकरण," ते म्हणाले. "बर्फाला हे चालायचे नायत. बर्फाला टायर अरुंद हवा, रिम लहान हवी, रबराची भिंत उंच हवी. पण चाकाची भायेरची गोलाई तेवढीच राहायला हवी. नायतर काटा साठ दाखवणार आणि गाडी पळणार भलतीच."

मग त्यांनी पडवीत कारखाना उघडला. काकूंनी गणपतीच्या मखरासाठी फ्रिजचा मोठा पुठ्ठा वर्षभर माळ्यावर जपला होता. काकांनी तो खाली काढला, सुतळी आणि खिळ्याने गोल आखले, आणि सुरीने खऱ्या मापाची दोन चाकं कापली. एक अठराच्या रिमचं, एक पंधराच्या. रिम लहान, रबर जास्त, पण बाहेरून एकावर एक ठेवली तर जेमतेम नखाचा फरक. ते दर पाच मिनिटांनी एकावर एक ठेवून बघत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. दूधवाल्याला, पोस्टमनला, वर्गणीला आलेल्या मंडळाच्या मुलांना. मंडळाच्या मुलांना वाटलं, यंदा काकांचा देखावा रथाचा.

"माझं मखर!" काकू म्हणाल्या. त्यांनी नंतर दोन दिवस एवढंच म्हटलं.

निकाल लागला: १९५/६५ आर १५. गंमत म्हणजे माझ्या गाडीवरून त्यांनी काढायला लावलेलं माप अगदी हेच. हे आता मुलीला कळवायचं कसं? काकू सांगू शकत होत्या, पण काकूंना मिलिमीटर आणि इंच एकत्र उच्चारता येईनात. मुलीने माझा नंबर घेऊन ठेवला होता. अधूनमधून आपली पुस्तकं नीट आहेत का, विचारायची. मला 'ताई' म्हणायची.

"तुम्ही तुमच्या नावाने कळवा," काका म्हणाले. "मी सांगितलं म्हणू नका."

"मग मला हे कुठून सुचलं म्हणू?"

"भूगोलातून."

मी निरोप पाठवला: हिवाळी टायर घेताना पंधरा इंची लोखंडी रिम आणि १९५/६५ घे, बर्फाला अरुंद टायर बरा. उत्तर आलं, "थँक्यू ताई. हल्ली भूगोलात बरंच शिकवतात." पुढे हसरा चेहरा. मला तिथेच शंका यायला हवी होती. काकांना मात्र उत्तर दाखवलं तेव्हा ते इतके खूश झाले, की त्या दिवशी डॉक्टरांच्या गाडीपुढून फुली न मारता गेले.

गणपतीला पुठ्ठ्याची पंधरा इंची चकती काकूंनी झेंडू लावून देवामागे प्रभावळ म्हणून उभी केली. काय करणार, मखराचा पुठ्ठा तोच होता. गौरी-गणपतीचे पाहुणे हात जोडत आणि विचारत, प्रभावळीवर हे आकडे कसले? काका डोळे मिटून म्हणत, "माप हाय." दोघांनी ते लॉटरीला लावायला लिहून घेतलं.

ऑक्टोबर उजाडला. तिकडे पहिल्या बर्फाच्या आधी सगळं गाव टायरच्या दुकानापुढे रांग लावतं आणि नंबर आधी घ्यावा लागतो, हे मुलीने आईला सांगितलं. तिचा नंबर होता तो दिवस काकांनी कॅलेंडरवर एकादशीसारखा गोल करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर निरोप आला. तोही नुसता नाही, सोबत फोटो.

पंधराची रिम तिच्या गाडीला बसली नव्हती. गाडीचे ब्रेक मोठे. रिम आतून त्यांना अडत होती. दुकानदाराने लावून बघितली, काढून ठेवली, म्हणाला, चुकीचं माप आणलंत. तिचा नंबर गेला. पुढचा नंबर सतरा दिवसांनी, आणि बर्फ त्याच्या आधी येणार होता. फोटो होता तिच्या गाडीच्या दाराआडच्या स्टिकरचा. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, २०५/५५ आर १६. खाली तिने लिहिलं होतं, "ताई, ज्यांनी माप काढलं त्यांना विचारा, दाराला विचारलं होतं का?"

म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, भूगोल कुणाचा ते. आणि ठाऊक असूनही ती तेच माप घेऊन दुकानात गेली होती.

फोन मी काकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. गावभर दाराला विचारत फिरणारा माणूस स्वतःच्या पोरीच्या गाडीपाशी टायरला विचारून मोकळा झाला होता. माझ्याकडे तीन वर्षांचा हिशेब चुकता करायला दहा वाक्यं तयार होती, आणि मी त्यातलं एकही बोलले नाही. त्यांचा चेहराच तसा झाला होता. ते उठले, पाखाडी उतरून गेले आणि जेवायच्या वेळेला परत आले. वाटेतल्या एकाही गाडीवर फुली नव्हती, हे मला नंतर डॉक्टरांनी काळजीने सांगितलं.

काकूंनी भात वाढला. म्हणाल्या, "गाडीला नाय बसला. देवाला तरी बसला."

दुसऱ्या सकाळी मी पावणेसातला खाली आले तर काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पडवीत बसलेले. समोर काकूंचा फोन. अडकित्ता कुठे दिसत नव्हता. सात वाजायची वाट न बघता त्यांनी स्वतः फोन लावला. मी जिन्यातच थांबले. शाळेला उशीर होत होता, होऊ दिला.

"हां, आई."

"मी बोलतोय."

काकांनी घसा साफ केला.

"माप चुकलं."

"कोणाचं?"

पोरगी अगदी बापावर गेली होती.

"माझं," काका म्हणाले. "टायर बघून काढलं. दार नाय बघितलं."

"का नाय बघितलं?"

काकांनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, "दार तुझ्याकडे होतं गो बाय. बघायचं तर तुला विचारायला लागलं असतं."

काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मग विचारा आता."

आणि मग सुरू झाले ते. नट किती? पाच. समोरच्या खिडकीतून बघून सांगतेस की खाली जाऊन? खाली जाऊन मोजलेत, बाबा. मधल्या भोकाचं माप? तेही घेतलंय, लिहा. काकांनी खिशातला खडू काढला आणि पडवीच्या लादीवर ती सांगेल ते आकडे मांडत गेले. २०५/५५ आर १६ ला त्यांनी दोनदा अधोरेखित केलं. रिम लोखंडीच घे, वाकेल पण फुटणार नाय. चारही घे, दोनच घेऊन भागवू नको. ती म्हणत होती, "ठाऊक आहे, सातवीत शिकवलंत." पाऊण तास दोघं चाकावर बोलले. कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, दोन मेकॅनिक बोलतायत.

शेवटी काका म्हणाले, "नंबर येईपर्यंत गाडी तुझ्या—"

"बाबा."

काका थांबले. ते जुनं वाक्य त्यांच्या तोंडात आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी ते गिळलं.

"नंबर येईपर्यंत काय ठरवलंस?"

"बसने जाणार. मी काय येडी हाय?"

त्या सतरा दिवसांत काकूंनी लादी पुसताना तेवढा तुकडा सोडला. आकडे तसेच राहिले.

डिसेंबरात एका सकाळी सातला व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे कडाक्याची थंडी पडली होती, म्हणजे काकूंनी कपाटातून कानटोपी काढली होती आणि पंखा पूर्ण बंद होता. पलीकडे सगळं पांढरं. दवाखान्यातून परत आलेली मुलगी अंगणातल्या दिव्याखाली गाडी लावून उभी होती, आणि तिने फोन फिरवून दाखवलं: रस्त्यापासून दारापर्यंत बर्फात उमटलेल्या चाकांच्या दोन रेघा. सरळ. कुठे वाकड्या नाहीत, कुठे घसरल्याची खूण नाही. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकापाशी नेला आणि त्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिल्या.

"चांगली चालवतेस," ते म्हणाले.

तिने फोन पुन्हा स्वतःकडे वळवला. मग म्हणाली, "टायर कुठला, विचारणार नाय?"

"टायर मला ठाऊक हाय. गाडी कशी चालवलीस त्ये सांग."

ती सांगत राहिली आणि ते ऐकत राहिले. वळणावर काय केलं, उतारावर काय केलं, ब्रेक कसा हळूहळू दाबला. शेवटी म्हणाली, "मे महिन्यात येते. ताईंची गाडी घेऊ. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं, मी आंबा घाट चढवते. पण एक अट. पूर्ण वाटेत एक शब्द बोलायचा नाय."

काकांनी मान डोलावली. फोन बंद झाल्यावर त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडालेला होता.

त्या रविवारी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "मॅडम, भाट्याच्या समुद्रापर्यंत जाऊन येऊ?"

"काय काम आहे?"

"काम काय नाय. शेजारी बसून गप्प राहायचं हाय. सवय नाय."

तीन वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्या गाडीत बसत होते. टायर बघायला वाकले नाहीत. पट्टा लावला, तोही मला दाखवावा लागला. मी गाडी काढली. बाजारातली गर्दी, वाटेतले खड्डे, अंगावर येणारी एक रिक्षा, भाट्याचा पूल. मुद्दाम नाही म्हणणार, पण दोन ब्रेक मी जरा उशिरानेच दाबले. तीन वर्षांत माणसाची एवढी तरी वसुली व्हायला हवी. ते समोर बघत राहिले. कपाळावर घाम, उजवी मूठ गच्च मिटलेली. जाता-येता एक शब्द नाही.

पाखाडीच्या पायथ्याशी गाडी लावली. ते उतरले आणि त्यांनी मूठ उघडली. आत खडूचं पीठ झालं होतं. अख्खा तळहात पांढरा. त्यांनी तो पँटला पुसला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "जमेल ना मला?"

मी तीन वर्षं जपून ठेवलेलं एखादं वाक्य बोलू शकले असते. म्हटलं, "जमेल, काका."

"मे महिन्याला अजून पाच महिने हायत," ते पायऱ्या चढत म्हणाले. "रोज जाऊ."